"खोकं उचला, बोटीवर ठेवा": उद्यमबागच्या पोस्टला उत्तर

यार्डप्लॅनर: काल इथं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारानं लिहिलं, "न्हावा शेवा बंदरात काय शास्त्र हाय? खोकं (कंटेनर) उचलायचं, बोटीवर ठेवायचं. तरी आमची गाडी गेटवर रात्रभर उभी." डोकं तापलं म्हणून लिहितोय. टर्मिनलच्या प्लॅनिंगला बरीच वर्षं काढलीत. यार्डातली जागा गाडी कधी आली त्यावर नाही, तर बोट कुठली, बॉक्स कुठल्या बंदरात उतरणार, वजन किती, वीस फुटांचा की चाळीस फुटांचा, यावर ठरते. आपलं कास्टिंग (ओतीव भाग) विसाच्या बॉक्समध्ये भरलं की निम्मा रिकामाच दिसतो, पण वजनाची मर्यादा गाठलेली असते. असा जड बॉक्स बोटीत खाली बसतो, म्हणून आधी चढतो. यार्डात त्याच्यावर दुसरे पडले की ते सगळे बाजूला काढा, मग हा. तोवर धक्क्यावरची क्रेन रिकामी, बोट उभी. आणि तुम्ही सगळे येणार कधी? कट-ऑफच्या, म्हणजे बॉक्स आत घ्यायच्या शेवटच्या मुदतीच्या, आदल्या रात्री!

उद्यमबागकर: एसीत बसून आम्हाला शिकवूलास? गेल्या पावसाळ्यात गाडी वेळेत पोचली, कागद तयार, तर बोटच पुढं ढकललेली. बॉक्स आत घेईनात. ट्रेलरवाल्याचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचं भाडं, माझ्या खिशातून. २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या बॉक्सचं पडताळलेलं वजनही आम्हीच करून द्यायचं. तुमची चूक झाली की 'ऑपरेशनल कारण', आमची झाली की दंड!

चोर्लाप्रवासी: पण साडेचारशे किलोमीटरवर जाताच कशाला? गोव्यातलं मुरगाव बंदर उंबऱ्याशी आहे की.

यार्डप्लॅनर: मुरगावला मुख्य धंदा कोळसा आणि लोहखनिजाचा. कंटेनरच्या बोटी मोजक्या. न्हावा शेवात पाच टर्मिनल. एक बोट चुकली तर दुसरी तरी मिळते.

चोर्लाप्रवासी: बोटी येत नाहीत म्हणून माल जात नाही, माल जात नाही म्हणून बोटी येत नाहीत. कुणीतरी सुरुवात करणार की नाही?

लोंढा_जंक्शन: रेल्वेचं विसरा. गोव्याच्या वाटेवरच्या कॅसलरॉक-कुळे घाटात चढ ३७ ला १, मागनं इंजिनं जोडावी लागतात. त्या मार्गाच्या दुहेरीकरणाची वन्यजीव मंजुरी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली.

चोर्लाप्रवासी: गोवेकरांनी अडवलं! आमचा धंदा बुडाला तरी चालेल त्यांना.

लोंढा_जंक्शन: त्याच रुळांवरून जाणाऱ्या कोळशाची धूळ तुझ्या घरात येत नाही म्हणून बोलूलास. वास्कोत राहून बघ. आमच्या आत्याच्या खिडकीवर रोज काळा थर असायचा.

सीमावासी: सगळ्याचं मूळ १९५६ ची राज्य पुनर्रचना. आपण महाराष्ट्रात असतो तर ही वेळच आली नसती.

लोंढा_जंक्शन: आलं! कोल्हापूरचे फाउंड्रीवाले महाराष्ट्रातच हायत. त्यांची गाडी त्याच गेटवर, तुझ्या मागं उभी.

सीमावासी: तुझ्यासारख्यांमुळंच आपलं काही होत नाही.

उद्यमबागकर: अरे, माझ्या हॉल्टिंगचं बोला की कोणीतरी! यार्डप्लॅनर, तुझं ते जड बॉक्सचं पटलं म्हण. आता एक सांग, बोट पुढं गेली तर ट्रेलरवाल्याला आधी कळवायचं काम कुणाचं?

यार्डप्लॅनर: शिपिंग लाइनचं. टर्मिनलला लाइनच कळवते.

उद्यमबागकर: व्वा. म्हणजे परत तुमचं काही नाही. धन्य आहात!

यार्डप्लॅनर: बरं, गेटवर पार्किंग कमी पडतं हे मान्य. पण गाडी उद्यमबागेतनं किती वाजता सुटली ते एकदा लिही.

उद्यमबागकर: भट्टी बंद पडली होती.