स्केलपट्टी नसलेलं ड्रॉइंग छापायचंच कशाला?

(मीटरगेज, वेळापत्रक आणि तिठा ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं.)

मीटरगेज : हौशी रेल्वे मासिकांचा दर्जा घसरलाय, हे माझं ठाम मत. कागद गुळगुळीत झाला, फोटो खुलले. छापण्याआधी जाणकारानं मजकूर तपासायची पायरी मात्र गळाली. १:८७ च्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलवरच्या लेखांत १६.५ मिमी गेजच्या (दोन रुळांतल्या अंतराच्या) रुळाला सरळ 'ब्रॉडगेज' म्हटलेलं असतं. १६.५ गुणिले ८७ म्हणजे १४३५ मिमी, तो युरोपातला स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६, त्याला सुमारे १९.३ मिमी लागतात. तयार मिळतो म्हणून १६.५ चा रूळ वापरा, हरकत नाही. पण मग चाक आणि बोगीच्या साइडफ्रेममध्ये (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या बाजूमध्ये) दोन्ही बाजूंना जवळपास १.४ मिमी जादा फट राहणार, हे नवशिक्याला कोण सांगणार?

ड्रॉइंगची तीच गत, शेजारी स्केलपट्टी (माप दाखवणारी रेघ) नसतेच. जुन्या धर्तीचा आयसीएफ डबा २१.३ मीटर, म्हणजे १:८७ ला २४५ मिमी. पानात बसवायला चित्र ९६ टक्क्यांवर आणलं की उरले २३५, आणि वर 'पूर्ण आकार' तसंच छापलेलं. त्यावरून पत्रा कापला की खिडक्यांची मापं गेलीच. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, बिनमापाचं ड्रॉइंग लेथवर कुणी घेणार नाही.

वेळापत्रक : भावा, मापाचं मान्य. 'घसरलाय' हे पटत नाही. जुन्या अंकांतही चुका होत्याच, फक्त दाखवायला जागा नव्हती. दुरुस्ती यायची ती दोन अंकांनंतर, कोपऱ्यात. आणि ही मासिकं काढतं कोण? नोकरी सांभाळून रात्री पानं लावणारे दोघं-तिघं. त्यांच्याकडून छापखान्याची शिस्त मागितली तर लिहिणारे हात आखडतील. नव्या धर्तीचा एलएचबी डबा २३.५४ मीटर, म्हणजे १:८७ ला सुमारे २७१ मिमी. तो ३६० मिमी त्रिज्येच्या वळणावर रुळाबाहेर किती येतो, असलं लिखाण नव्या अंकांतच येतंय. वाचकानं फूटपट्टी लावून घ्यावी.

मीटरगेज : फूटपट्टीनं वायरिंग तपासता येत नाही, राव. रिव्हर्स लूप घ्या. मॉडेलला वीज दोन रुळांतूनच मिळते. गाडी वळून त्याच रुळावर आली की डावा रूळ उजव्याला मिळतो आणि शॉर्ट होतो. म्हणून लूपच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत इन्सुलेटेड गॅप (वीज तोडणारी फट) हवी आणि मधल्या तुकड्याला ऑटो-रिव्हर्सर, म्हणजे विजेचे ध्रुव आपोआप उलटवणारं सर्किट. आकृतीत एकाच रुळात गॅप दाखवली की नवशिक्या दुसरी ठेवतच नाही. शिवाय तो तुकडा गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर धातूची चाकं दोन्ही गॅप एकदमच जोडतात. ३६० मिमी त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ २.२६ मीटर, आठ आयसीएफ डबेच १.९६ मीटर, वर इंजिन आणि कपलिंगच्या फटी, म्हणजे जागा जेमतेमच. ही आकृती टेबलावर एकदा जोडून पाहिल्याशिवाय छापूच नये.

तिठा : मला तुमच्या दोघांच्या मुद्द्यांपेक्षा फोटोओळींची चीड जास्त. मिरज–कोल्हापूर लाइन १८९१ साली मीटरगेजवर सुरू झाली. मिरजेला येणारी ७६२ मिमीची नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वेची, लातूरकडची. मिरजेत तिन्ही गेज भेटायचे, म्हणून गोंधळ होतो, कळतं. पण 'जुनं कोल्हापूर' म्हणून नॅरोगेजचं इंजिन एकदा छापलं की तीच ओळ पुढच्या दहा लेखांत जाते. चुकीचं माप घरी दुरुस्त होतं, चुकीचा इतिहास होत नाही. जागा आणि साल नक्की नसेल तर ओळीत लिहूच नका. नुसतं 'मीटरगेज इंजिन' एवढं पुरे. याला ना पगार लागतो, ना वेळ.

वेळापत्रक : वायरिंगपुरतं मागे घेतो. शॉर्टनं डीकोडर (इंजिनातलं आदेश वाचणारं सर्किट) जळाला तर भुर्दंड वाचकाला, तिथं जोडून पाहणं हवंच. स्केलपट्टीही मान्य, ड्रॉइंग काढतानाच शेजारी १०० मिमीची रेघ ओढली की चित्र लहान होईल तशी तीही होते. पण प्रवासाच्या लेखालाही हीच चाळणी लावायला माझा विरोध कायम आहे. तिथं गाडीचा नंबर एका अंकानं चुकला म्हणून कुणाचा डबा घसरत नाही.

तिठा : नंबर चुकला की गाडीच दुसरी होते. तोही तपासा.