सोसायटीतील अग्निसुरक्षा : अग्निशमन दलाची जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या ११ मजली इमारतीतील होज रीलला (आग विझवण्यासाठी गुंडाळून ठेवलेल्या पाइपला) पाणीच येत नाही, हे परवा लक्षात आले. तपासणी महापालिकेच्या अग्निशमन दलाने करायची की आम्ही?

उत्तर १ : ती आपलीच जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करायचे असते. दल पाहणी करून नोटीस देऊ शकते, मात्र रोजची देखभाल त्याचे काम नव्हे.

उत्तर २ : जिन्यातील सायकली आणि जुने फर्निचरही कृपया आजच हलवा, कारण आगीत लिफ्ट वापरता येत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पंपाची दुरुस्ती रविवारच्या सभेत पहिला विषय म्हणून मांडतो.