उन्हाळ्यात ताणा तुटतोय: दोष सायझिंगचा की मागाचा?

खर्चीवाला
साधा माग, मिनिटाला १५० पिक (आडवे धागे). ४०/४० कॉटन (उभं-आडवं दोन्ही सूत ४० नंबरचं), ५२ ची फणी (दोन इंचात ५२ घरं, म्हणजे फटी), घरात दोन धागे, रुंदी ४८ इंच, ताण्यात २५०० उभे धागे. एप्रिल लागल्यापासून दुपारी कामगार धागे जोडण्यातच अडकतो. सायझिंगवाला (ताण्याला खळ लावून देणारा) म्हणतो सूत हलकं, सूतवाला म्हणतो खळ कमी. बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) परत पाठवू का?

ताणाबाणा
आधी काटा करा, भांडण नंतर. ४० नंबरच्या २५०० धाग्यांचं १००० मीटर बिनखळीचं सूत ३६.९ किलो भरतं. रिकामं बीम वजा जाता ४१ किलोच्या आसपास आलं तर खळ ११ टक्के, म्हणजे ठीक. ३९ च्या आत असेल तर सायझिंगवाल्याला जाब विचारा.

पण वजन बरोबर म्हणून खळ चांगली असं नाही. मागाखाली पांढरी भुकटी साचत असेल तर खळ धाग्यात मुरलेली नाही, वरच्या वर बसलीय. धागा ओढल्यावर जरासुद्धा न ताणता कटकन तुटला, तर सायझिंगला जास्त वाळवलाय.

वहिफणी
धागा कुठे तुटतो ते मोजल्याशिवाय हे सगळं अंधारात. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास कागदावर खुणा करा: वहीच्या (उभे धागे वर-खाली करणारी चौकट) मागे, वहीत, फणीच्या पुढे. फणीच्या पुढे असेल तर डावी कड, मध्य की उजवी कड तेही लिहा.

खर्चीवाला
वजन ४१.२ किलो, भुकटी नाही. सकाळी ८ तुटले, त्यातले ७ फणीपुढे उजव्या कडेला. दुपारी १६: उजव्या कडेला ८, वहीत ६, मागे २.

वहिफणी
मग बीम कशाला परत पाठवता? उजवी कड दोन्ही वेळा तेवढीच तुटतेय, तो मागाचा दोष. कापड विणलं की आकसतं, कडेचे धागे फणीच्या घरात तिरके घासतात. रुंदी धरून ठेवायचं काम टेंपलचं. उजव्या टेंपलच्या रिंगांत अडकलेलं सूत-कचरा काढा, सगळ्या रिंगा मोकळ्या फिरतात का बघा, आणि फणीला न लागेल इतकं टेंपल विणीच्या जवळ घ्या. तरी थांबलं नाही तर धोट्यावरून (आडवा धागा नेणारा) नख फिरवा, कूस लागली तर बारीक पॉलिश पेपर. धोट्याला टोला देणाऱ्या पिकरचं भोक झिजलं असेल तर धोटा वाकडा सुटतो, पिकर बदलाच.

ताणाबाणा
आणि दुपारचे वहीतले-मागचे ८ हवेचे. कारखान्यात ओला-सुका थर्मामीटर टांगा. सुका ३४ असताना ओला ३०.५ च्या आसपास हवा, म्हणजे आर्द्रता ७५ ते ८० टक्के. ओला २६ वर आला तर ती ५५ च्याही खाली. खळ कडक होते, वहीत वाकताना तडकते, धागा तुटतो. जमिनीवर पाणी मारून फार फरक पडत नाही, फवारा लागतो. त्याचे थेंब बीमवर पडू देऊ नका, धागे एकमेकांना चिकटतात. ताण्यावर थेट वारा मारणारा पंखा असेल तर तो आजच वळवा.