40 साइजच्या तयार विमानाला 10 सीसीचं इंजिन: माझा विरोध

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्याकडे सध्या एकच टूम निघाली आहे. 40 साइजचं (.40 ते .46 घनइंच इंजिनासाठीचं) एआरएफ, म्हणजे जवळपास तयार मिळणारं रिमोटचं विमान आणायचं आणि खोक्यावर 7.5 सीसी (.46 घनइंच) लिहिलेलं असताना त्याला 10 सीसीचं (.61) इंजिन चढवायचं. मला हे अजिबात पटत नाही. मफलर धरून नाकावर दीड-दोनशे ग्रॅम वाढतात. इंजिन सीजीच्या (विमानाच्या तोलबिंदूच्या) 25 सेंमी पुढे आणि शेपूट 75 सेंमी मागे असेल, तर 180 ग्रॅम तोलायला शेपटीत 60 ग्रॅम शिसं. पंख तेवढाच, वजन पाव किलोने जास्त. मग ते वेगातच उतरवावं लागतं, जरा हळू केलं की एका पंखावर कलून खाली येतं.

पदरात काय पडतं? लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताकद एक तृतीयांशाने वाढवून वेग मिळतो जेमतेम 10 टक्के. हवेचा भार मात्र वीस टक्क्यांनी वाढतो, आणि तो झेलणाऱ्या बिजागऱ्या आणि सर्व्हो (हलत्या फळ्या फिरवणाऱ्या छोट्या मोटारी) जुनेच.

यवतेश्वर (सातारा)
दादा, वेगासाठी कोण लावतंय? चढाईसाठी लावतात. सातारा साधारण 700 मीटर उंचीवर. पारा 38 वर गेला की इथली हवा समुद्रसपाटीच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा 15 टक्के विरळ असते, इंजिन जवळपास तेवढंच मार खातं. खोक्यावरच्या आकड्यात आमचा उन्हाळा धरलेला नसतो. शिवाय आमची धावपट्टी म्हणजे उसाच्या दोन फडांमधली पड. समोर दहा फुटी ऊस उभा असताना लहान इंजिनावर निघायचं म्हणजे जीव मुठीत. थ्रॉटल हातात आहे, वर गेल्यावर निम्म्यावर आणा.

कृष्णाकाठ
विरळ हवेत पंखही मार खातो की. तरंगायलाच 8 टक्के जास्त वेग लागतो. अशा ठिकाणी विमान हलकं ठेवायचं का जड करायचं? चढाई हवी तर 11×6 चा प्रॉप (पुढचा पंखा; आकडे इंचांत व्यास आणि पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचं अंतर) काढून 12×4 लावा. व्यास जास्त, पिच कमी, सुटताना ओढ वाढते. खर्च एका प्रॉपचा. फक्त प्रॉप जमिनीला टेकत नाही ना, एवढं बघा.

मिरज जंक्शन
मी यवतेश्वर यांच्या बाजूचा, पण एका अटीवर. आधी इंधनाची टाकी काढून आत टॉर्च मारा. माझ्या विमानात फायरवॉलला, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या फळीला, तीन बाजूंनी सुतासारखी गोंदाची रेघ होती, चौथ्या बाजूला गोंदच नव्हता. अंगठ्याने दाबली तर करकरली! मी 30 मिनिटांचं इपॉक्सी भरलं, कोपऱ्यांत बाल्सा लाकडाच्या त्रिकोणी पट्ट्या बसवल्या, बाजूने भोकं पाडून बांबूच्या काड्या ठोकल्या आणि वरून पातळ इपॉक्सीचा हात दिला. हे इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच करायचं. एकदा लाकडात इंधनातलं तेल मुरलं की काही चिकटत नाही. खरं तर 7.5 सीसीच्या इंजिनालाही एवढं हवंच.

यवतेश्वर
हे शंभर टक्के मान्य. आणि वजनाचीच अडचण असेल तर मधला रस्ता आहे. ओएस कंपनीचं 55एएक्स (.55) इंजिन हे 46एएक्सच्याच (.46) माउंटवर बसतं, वजनात थोडाच फरक. शिसं नको, नवी भोकं नकोत. 10 सीसीचा हट्ट मी सोडतो, पण 7.5 वर परत जाणार नाही.

कृष्णाकाठ
55 ला माझी वजनाची हरकत नाही, वेगाची आहे. सूर मारताना थ्रॉटल खाली घ्या. आयलेरॉनची, म्हणजे पंखामागच्या हलत्या फळीची, फट टेपने बंद करा, लिंकेजमध्ये (सर्व्होपासून फळीपर्यंतच्या जोडणीत) जराही ढिलाई ठेवू नका. फ्लटर (वेगात फळीची जोरदार थरथर) सुरू झाला की आयलेरॉन क्षणात उखडतो, मग रिमोट हातात असून उपयोग नाही. तुमच्या पडीच्या दोन्ही अंगांना फड आहेत, तोडणीच्या दिवसांत तिथे माणसं वाकून काम करत असतात, पोरं बांधावर खेळत असतात. तोडणी चालू असेल त्या दिवशी 55 काय, 46 सुद्धा उडवू नका.