मदत हवी आहे: वापरलेलं आयडब्ल्यूसी पायलट क्रोनोग्राफ, ३ लाख ४० हजार जास्त होतायत का?

मायक्रॉनराव

नमस्कार मंडळी. आमच्या मोठ्या वहिनींचे मामा मर्चंट नेव्हीतून निवृत्त होऊन आता इथं कोल्हापुरात नागाळा पार्कात असतात. त्यांच्याकडं आयडब्ल्यूसी ह्या स्विस कंपनीचं पायलट क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ) आहे आणि ते त्यांना काढायचंय. मॉडेल आयडब्ल्यू ३७७७०९, स्टील, ४३ मिमी, काळी डायल, चामडी पट्टा. २०१७ साली सिंगापूरला घेतलेलं. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे, डबा आहे, पुस्तिका कुठं गेली माहीत नाही म्हणाले. आजवर ऑइलिंग केलेलं नाही. "चालतंय न्हवं? मग कशाला उघडायचं?" हे त्यांचं उत्तर. मागतायत ३ लाख ४० हजार.

माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ (जॉब चुंबकानं धरून ठेवणारा पाट) रोज काम, त्यामुळं हातातलं घड्याळ कधी मिनिटं-मिनिटं पुढं पळायला लागेल नेम नाही. ह्या मॉडेलात मशीनभोवती नरम लोखंडाचं कवच आहे, जीव अडकलाय तो त्यातच. गुंतवणूक म्हणून घेत नाही, पण उद्या विकायची वेळ आली तर निम्म्यानं पडायला नको.

अडचण अशी की मागचं झाकण बंद आहे, काचेचं नाही. आतलं मशीन दिसत नाही. जुनं व्हीएमसी (मिलिंग मशीन) घेताना मी स्पिंडल फिरवून, डायल गेज लावून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही, पण इथं माणूस नात्यातला. "मामा, उघडून दाखवा" कसं म्हणायचं? आणि एक खटकलेली गोष्ट: पट्टा अडकतो त्या लगांच्या कडा मला उजव्या बाजूला गोल झालेल्या वाटल्या. ब्रश फिनिशच्या रेघाही सरळ नाहीत. बफ मारलाय, म्हणजे फिरत्या चाकावर पॉलिश केलंय, असं माझी नजर सांगते. मामा म्हणतात, छे, हातच लावलेला नाही.

किंमत कशी धरायची? आणि कोल्हापुरात तपासून मिळेल का, की पुण्या-मुंबईला न्यायचं?

---

सोनाराचा_पोरगा

आमच्या गुजरीत आणा, वजन करून सांगतो. स्टील निघालं तर चहा पाजून परत पाठवू :)

जोक्स अपार्ट, लगाच्या कडेबद्दल तुमची नजर बरोबर असणार. बफवर धरलं की पहिल्यांदा कडा जातात, आणि गेलेलं स्टील परत येत नाही.

---

अल्टिमीटर

पुण्यातून लिहितोय. पायलट घड्याळं बरीच हाताळली आहेत म्हणून थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, शोरूममधल्या आजच्या किमतीशी तुलना करू नका. विकणारा हमखास तीच सांगतो. आज कंपनी ह्या घराण्यात स्वतःचं ६९३८५ कॅलिबर (म्हणजे आतलं मशीन) घालते, कॉलम व्हीलवालं, म्हणजे क्रोनोग्राफ चालू-बंद करायला खास चाक असलेलं. तुमच्या मामांच्या घड्याळात ७९३२० आहे, म्हणजे मुळातलं व्हाल्ज्यू ७७५०, आयडब्ल्यूसीने आपल्या पद्धतीने सुधारून घेतलेलं. हे कमीपणाचं नाही. १९७०च्या दशकात एडमंड कॅप्टने आखलेलं ७७५० हे क्रोनोग्राफमधलं सगळ्यात कष्टाळू मशीन म्हणावं लागेल, आणि ते दुरुस्त करू शकणारे लोक जगभर आहेत. पण बाजार "स्वतःचं मशीन" ह्या शब्दांना जास्त पैसे देतो. म्हणून जुन्या मालिकेचा भाव वेगळा धरायचा.

त्यातल्या त्यात ३७७७०९ हा बरा पर्याय. आधीच्या ३७७७०१ मध्ये तीन तारखा एकदम दाखवणारी खिडकी होती, विमानातल्या उंचीमापकासारखी. बऱ्याच लोकांना ती आवडली नाही. २०१६ मध्ये ती काढून साधी वार-तारीख आणली. विकायची वेळ आली तर हा फरक तुमच्या बाजूने.

दुसरी गोष्ट, चोवीस तास आंतरजालावर दिसतात त्या मागितलेल्या किमती. त्या भावात ते घड्याळ गेलं असं नाही. जे वर्षभर विकलं जात नाही तेच सारखं दिसत राहतं. लिलावात प्रत्यक्ष गेलेल्या किमती बघा, तोच संदर्भ क्रमांक, तोच पट्टा, कार्डासकट. परदेशातला आकडा मिळाला की त्यावर कस्टम्स आणि पाठवणी चढते, म्हणून इथे हातात असलेल्या घड्याळाला थोडं जास्त देणं चूक नाही. पण विक्रेत्याकडून घेतलं तर त्याच्या किमतीत त्याचा नफा, त्या नफ्यावरचा जीएसटी आणि त्याची सहा महिने-वर्षाची हमी असते. मामा हमी देणार आहेत का? नाहीत ना. मग विक्रेत्याचा भाव त्यांनी मागू नये.

आता वजाबाकी. जवळजवळ आठ-नऊ वर्षं तेल बदललेलं नाही, म्हणजे पूर्ण सर्व्हिसचा खर्च तुमच्या डोक्यावर. कंपनीच्या सेवा केंद्राकडून क्रोनोग्राफच्या पूर्ण सर्व्हिसचा आकडा लेखी मागवा आणि तो कागद मामांसमोर ठेवा. तुमचं मत म्हणून सांगाल तर वाद होईल, कागदाशी कोणी वाद घालत नाही. बफ मारलेला असेल तर त्याचे वेगळे. पुस्तिका नसल्याचं फार वाटून घेऊ नका. कार्ड महत्त्वाचं, आणि कार्डावरचा क्रमांक झाकणावरच्या क्रमांकाशी अंक न् अंक जुळायला हवा.

माझ्या हिशोबाने, जसं आहे तसं, अडीच ते पावणेतीन. बफ नसता आणि ताजी सर्व्हिस असती तर तीनच्या पुढे बोलू शकलो असतो.

---

चावीवाला

दादा, माझं महाद्वार रोडला आजोबांपासूनचं घड्याळाचं काम आहे. धंद्याची जाहिरात इथं करत नाही, फक्त काय बघायचं ते सांगतो. कुठल्याही चांगल्या माणसाकडं हे होईल, मुंबई गाठायची गरज नाही.

झाकण उघडल्याशिवाय घेऊ नका. हे घड्याळ त्यात जरा वेगळं आहे. स्टीलचं झाकण काढलं की लगेच मशीन दिसत नाही, आत नरम लोखंडाचं दुसरं झाकण लागतं. मशीनभोवतीची कडी आणि खुद्द डायल हीसुद्धा त्या कवचाचाच भाग. आतलं झाकण गायब असेल तर एक तर माल नकली, नाही तर कुणीतरी काम करून ते परत बसवायला विसरलं. डायल बाहेरची घातली असली तरी कवच फुटलंच. नकली मालात ७७५० ची चिनी नक्कल सर्रास येते, त्यामुळं नुसतं "क्रोनोग्राफ चालतो, आत ७७५० सारखंच दिसतं" ह्यावर जाऊ नका.

टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) लावताना लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक मशीनसाठी ठरलेला कोन, ४९ ठेवायला सांगा. यंत्रात आधीच ५२ असतो आणि बरेच जण तो तसाच ठेवतात. मग अँप्लिट्यूड (आतलं चक्र किती अंश झुलतं तो आकडा) खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, २६० चं २७५ होतं, आणि आजारी घड्याळ धडधाकट वाटतं. चावी पूर्ण द्या. डायल वर, डायल खाली, क्राउन (चावीची गुंडी) खाली अशा सगळ्या अवस्थांत बघा, मग क्रोनोग्राफ चालू करून परत बघा. चालू केल्यावर थोडा पडतो, ते चालतं. खूप पडला तर आत तेल सुकलंय.

बटणं: सुरू, बंद, मग शून्य. मोठा काटा आणि दोन्ही छोटे मोजणी काटे थेट शून्यावर आले पाहिजेत, अर्धा मिमी इकडंतिकडं नाही. चालू असताना शून्याचं बटण दाबून बघू नका, हे फ्लायबॅक (चालू असतानाच शून्यावर येऊन परत धावणारं) नाही. आणि रात्री आठ ते पहाटे तीनच्या मध्ये तारीख हातानं बदलायची नाही, मामांनी बदलली असेल तर कळेलच. अंधारात टॉर्च मारून बघा, काटे आणि डायल सारखेच चमकले पाहिजेत. काटे वेगळ्या हिरव्यात दिसले तर ते बदललेले आहेत.

मनगटावर हलवलं की आतला रोटर गरगरतोय असं वाटेल, त्यानं घाबरू नका. ७७५० एकाच दिशेनं चावी भरतं, दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा सुटतो. तो गुणच आहे त्याचा.

---

ताराराणी

अल्टिमीटर आणि चावीवाला, दोघांचेही प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवले. माझ्या नवऱ्याला दाखवायचे की नाही हा वेगळा विषय.

मी सीए आहे म्हणून पैशाचं सांगते. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, एकाच व्यवहाराचे दोन हप्ते करूनही नाही. आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला बसतो, जेवढी रक्कम घेतली तेवढाच. "घरातलाच व्यवहार, रोखीत करू" म्हणून तुम्ही मामांनाच गोत्यात घालाल. बँकेतून द्या. साध्या कागदावर मॉडेल, क्रमांक, रक्कम, तारीख आणि "हे माझ्या मालकीचं असून त्यावर कुणाचा हक्क नाही" एवढं लिहून दोघांच्या सह्या. उद्या तुम्ही विकलं तर पुढचा माणूस हाच कागद मागेल.

उघडून दाखवा कसं म्हणायचं, ह्याचं उत्तर सोपं आहे. वहिनींना मध्ये घालू नका. मामांना सांगा, "मी चकजवळ काम करतो, कवच शाबूत आहे का एवढं मला बघायचंय, तुम्ही पण चला." जो माणूस आयुष्यभर जहाजावर राहिला त्याला यंत्राचं तोंड उघडून बघायला आवडेलच की.

---

मायक्रॉनराव

सगळ्यांचे आभार. ताराराणींचा सल्ला जसाच्या तसा वापरला आणि मामा स्वतःच गाडीत येऊन बसले. दुकानात माझ्यापेक्षा तेच जास्त वाकून बघत होते.

आतलं लोखंडी झाकण जागेवर, डायल मूळची, कार्डाचा क्रमांक जुळला. काटे शून्यावर बरोबर येतात. टाइमग्राफर ४९ वर लावून अँप्लिट्यूड: डायल वर २५२, क्राउन खाली २१८, क्रोनोग्राफ चालू केल्यावर दोनशेच्या खाली. बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) ०.४. कारागीर म्हणाला मशीन निरोगी आहे, तेल संपलंय, असंच घालत राहिलात तर झीज सुरू होईल.

बफचा उलगडाही तिथंच झाला. कारागिरानं लगाकडं बोट दाखवल्यावर मामा गप्प झाले, मग म्हणाले, मध्ये एकदा एका बंदरावर पट्टा बदलायला दिलं होतं, त्या दुकानदारानं फुकटात चकाचक करून दिलं, मला बरंच वाटलं होतं! खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्या लेखी तो बफ नव्हताच, धुऊन पुसून दिलेलं होतं.

आता सर्व्हिस कंपनीत करू की इथं? इथला खर्च बराच कमी आहे.

---

अल्टिमीटर

विकायचा विचार डोक्यात असेल तर कंपनीत. त्यांची नोंद आणि बिल पुढच्या माणसाला दाखवता येतं. मात्र देताना "केस पॉलिश करू नये" असं लिहून द्या, नाहीतर उरलेल्या कडाही जातील. स्वतःच घालणार असाल आणि कारागिराकडे ७७५० चे मूळ भाग व दाब-चाचणीचं यंत्र असेल तर इथेच करा. ६ बार पाण्याच्या दाबाचं घड्याळ आहे, झाकण उघडलं की गास्केट (झाकणाखालचं रबरी कडं) नवीन आणि चाचणी परत, एवढं बघाच.

---

चावीवाला

बरोबर. आणि दादा, चकचं तेवढं सांगायचं राहिलं. कवच आहे म्हणून हात चकवर ठेवू नका. चुंबकरोधक म्हणायला घड्याळानं ४,८०० अँपिअर प्रति मीटर सोसावं असं मानक आहे, हवेत ते साधारण ६० गॉस होतं. चकच्या पृष्ठभागावर त्याच्या कितीतरी पट असतं. मशीनपासून हातभर लांब उभं राहून काम असेल तर कवच पुरं पडतं, जॉब उचलताना घड्याळ काढून ठेवा. शंका आली तर होकायंत्र जवळ धरायचं, सुई हलली की आणून द्या, चुंबकत्व उतरवायला मिनिटभर लागतं.

---

मायक्रॉनराव

हे माझ्या कामाचं. आमच्याकडं गॉसमीटर आहे, उद्याच उभं राहतो तिथं मोजतो.

सर्व्हिसचा लेखी आकडा आल्यावर मामांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि स्वतःच म्हणाले, हे काही तू केलेलं नाहीस, माझ्याकडनंच वजा कर. २ लाख ७० हजारांवर ठरलं, आरटीजीएसनं. कागदावर सही करताना मामींनी विचारलं, एवढ्या पैशात किती तोळे आलं असतं? सोनाराच्या पोरानं उत्तर द्यावं.

पट्टा मात्र पार चिरलाय. इथं २० आणि २२ दोन्ही मिळतात, कुठला बसेल?

---

अल्टिमीटर

दोन्ही नाही. ह्याला २१ लागतो. २० घातला तर दोन्ही बाजूंना फट दिसते, २२ कोंबला तर चामड्याच्या कडा दुमडतात. मापाने शिवून घ्या, आणि बकलकडचं माप जुन्या पट्ट्यावरून घेऊन मगच चामडं कापायला सांगा.

---

सोनाराचा_पोरगा

मामींना सांगा, तोळ्याचा हिशोब मी इथं लिहीत नाही. मायक्रॉनरावांचा संसार आहे.