बायबल वाचताना लेवीयात दर वर्षी अडकतो, मदत हवी आहे

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

सलग तिसऱ्या वर्षी तेच झालंय. 1 जानेवारीला बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरुवात, रोज तीन-चार अध्याय. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, त्यामुळे वर्षात संपवायचं तर तेवढे लागतातच. योसेफाच्या गोष्टीपर्यंत मजेत जातं. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं सुरू झाली की वेग मंदावतो आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या होमार्पण, अन्नार्पण अशा अर्पणांच्या नियमांत गाडी रुतते. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी आठ अध्याय. मग ते वाचन राहत नाही, थकलेला हप्ता फेडणं होतं.

माझी आई रोज पहाटे चहाच्या आधी बायबलमधलं एकच स्तोत्र वाचायची, तेही मोठ्याने. 119वं आलं की आठ-आठ वचनांचे 22 तुकडे करून. तिला कधी कंटाळलेली पाहिली नाही. मी मात्र अध्याय मोजतो आणि संध्याकाळी काय वाचलं ते आठवत नाही.

माझी कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून ठरलेली वेळ जमत नाही. मोबाइलवर वाचायला घेतलं की मधेच मेसेज येतात.

तुमच्यापैकी कोणी जुना करार (बायबलचा पहिला भाग) बाजूला ठेवून आधी मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाची गोष्ट, 16च अध्याय आहेत) आणि सोबत रोज एक स्तोत्र, असं केलंय का? टिकलं का? नंतर लेवीयाकडे परत कसे वळलात? आणि वाचताना वहीत नेमकं काय लिहिता? माझ्या वहीत फक्त तारखाच आहेत.