मदत हवी आहे: कुत्र्याला घेऊन कौरीच्या जंगलात

नमस्कार मंडळी. आम्ही ऑकलंडला असतो. येत्या रविवारी आमच्या श्वानमंडळाची इथल्या देशी जंगलातून सामुदायिक फेरी आहे, दहा-बारा कुत्री असतील. आमचा मोती तीन वर्षांचा आहे, जंगलात पहिल्यांदाच जाणार.

कौरीच्या झाडांना मुळं कुजवणारा रोग लागतो आणि तो मातीतून पसरतो. टाचणीच्या डोक्याएवढी मातीही पुरते म्हणतात. बुटांसाठी वाटेवर ब्रश आणि जंतुनाशक असतं, पण मोतीच्या पंजांचं काय? बोटांमधल्या केसांत चिखल घट्ट बसतो, बोटाने उकरून काढावा लागतो. तुम्ही पंजे कशाने धुता? केस आधीच कापून घेऊ का?

दुसरी धास्ती काराका या इथल्या झाडाच्या फळांची. सध्या नारिंगी सडा पडलाय, बी कुत्र्यांना विषारी आणि लक्षणं कधीकधी दिवसभराने दिसतात. मोती तर पडलेलं काहीही गिळतो! जाळीचा मुसका बांधून तासभर चालवलंय का कुणी? धाप लागते का?

पट्टा सोडणार नाहीच. किवी पक्ष्याला कुत्र्याने नुसतं तोंडात धरलं तरी तो चिरडला जातो, ते पाप नको.

अनुभव असेल त्यांनी शनिवारपर्यंत कृपया सांगा.